दार बाहेर उघडायला हवं

१४ एप्रिल

शाळा होणार! आमची शाळा खरीखुरी शाळा होणार! म्हणजे होऊ शकते. म्हणजे झाली तर होईल. जाऊ दे, नीट लिहिते.

दुपारच्या होडीने शिक्षण कचेरीचं पत्र आलं. गेल्या उन्हाळ्यात कावितच्या लोकांनी नारळाच्या लाकडांची जी शाळा उभी केली, ती आतापर्यंत पलीकडच्या गावातल्या मोठ्या शाळेची नुसती शाखा होती, सावत्र पोरासारखी. आता म्हणे इमारत सरकारी मापदंडात बसली तर कावित बेटाला स्वतःची शाळा, स्वतःचं नाव, स्वतःचा झेंडा. नाही बसली तर जूनपासून शाखा बंद, आणि पोरांनी रोज होडीने पलीकडे जायचं. पावसाळी वारा सुटला की आमची होडी आठवडेच्या आठवडे किनाऱ्यावर पालथी पडलेली असते. म्हणजे पोरांनी घरीच बसायचं. मी इथे आले तेव्हा तिसरीतली मुलं स्वतःचं नाव लिहिताना जीभ बाहेर काढत होती. ते दिवस मला पुन्हा नकोत.

इमारत मोजायला एक इंजिनिअर येणार आहे. धावत घरी आले आणि लोला त्रिनिंगला सांगितलं. मी तिच्याकडे राहते. माझी आजी नाही, पण सगळ्या बेटाची लोला, तशी माझीही. ती मासे वाळत घालत होती.

"इंजिनिअर बिनलग्नाचा आहे का?"

"लोला, तो भिंती मोजायला येतोय!"

"मोजू दे की. मी कुठे नाही म्हटलं? आपलं विचारलं."

या बाईच्या डोक्यात दुसरा विषयच नाही. टेकडीवर जाऊन बोहोलला राहणाऱ्या माझ्या आईशी फोनवर बोलते तेव्हाही हेच. आणि दोघी मला टेकडीखाली पिटाळतात.

१९ एप्रिल

आला. नाव फेर्मिन काबाहुग. सेबू शहरातला. होडी वाळूला लागायच्या आधीच उडी मारली आणि कंबरेपर्यंत भिजला. चामड्याचे बूट घालून! पोरांना हसू आवरेना. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आलंच.

पण नंतर जी काही मोजमापं सुरू झाली! फीत इकडे, फीत तिकडे. खोली सात मीटर बाय नऊ मीटर हवी, आहे. नोंग पास्तोरने बांधताना दोरीला गाठी मारून तेवढीच धरली होती. (नोंग म्हणजे दादा; पास्तोर आमचा सुतार, आणि होडीवालाही तोच.) त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं. पण मग इंजिनिअर एकेक खोट काढायला लागला. चाकाच्या खुर्चीतलं मूल आत कसं येणार, उतार कुठे आहे? हात धुवायला नळाची पन्हळ कुठे आहे? आणि पुढचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं.

"दार आत उघडलं की पाहुण्याला 'या' म्हणतं," नोंग पास्तोर म्हणाला. "बाहेर उघडलं की त्याच्या नाकावर आपटतं. माझ्या बापाने एकही दार बाहेर उघडणारं केलं नाही."

"मागचं दार तर बाहेर उघडतं," इंजिनिअर म्हणाला.

"ते चुकून उलटं बसलं."

"तेवढंच बरोबर बसलंय." मग तो पोरांसमोर उकिडवा बसला. शिक्षकाने बसावं तसा. "आग लागली किंवा जमीन हलली, तर तुम्ही काय कराल?"

"पळू!"

"बरोबर. आणि घाईत असलेला माणूस दार ढकलतो. ओढायला मागे सरत नाही. सगळे मिळून दारावर आदळले आणि दार आत उघडणारं असलं तर कुणालाच बाहेर पडता येत नाही. म्हणून."

हे मात्र पटलं. पण त्याचं पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणे फळा चुकीच्या भिंतीवर आहे! प्रकाश मुलांच्या डावीकडून यायला हवा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. आमच्या खिडक्या उजवीकडे पडतात. तेव्हा फळा समोरच्या भिंतीवर न्या.

"तो फळा मी तिथे लावलाय," मी म्हटलं. "मी डावखुरी आहे. मला इथूनच दिसतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. त्यात खडू होता आणि तो मी जरा जास्तच जोरात धरला होता. मग कागदावर काहीतरी लिहून घेतलं. माझी तक्रारच लिहिली असणार, दुसरं काय!

जाताना म्हणाला, "सव्वीसला पुन्हा बघायला येतो." बघायला! स्वतःला समजतो कोण?

२१ एप्रिल

फळा हलवला. आता मी लिहायला हात उचलला की पुढचं अक्षर माझ्याच हाताच्या अंधारात. सरकारचा विजय असो.

२६ एप्रिल

आज कमाल झाली. इंजिनिअर आला (आज रबरी चपला, अक्कल आली) तेव्हा नोंग पास्तोरची कंबर धरली होती. कालच मी त्याला एकट्याने होडी उचलून वाळूवर ओढताना पाहिलं! पण आज म्हातारा भिंतीला टेकून "आई गं, आई गं" करत होता. दार कोण फिरवणार? शेवटी इंजिनिअरनेच बाह्या वर केल्या. बिजागऱ्या काढल्या, बाजू बदलली, दार बाहेर उघडायला लागलं. हात बरा आहे त्याचा. कागदी इंजिनिअर नाही.

परतीची होडी दुपारी. लोला म्हणाली, "रिकामा बसून काय करतोस, जरा विहिरीवरून पाणी आणतोस का?" मला तर धरणी दुभंगावी असं झालं! सरकारी माणूस तो! पण हा वेडा दोन डबे घेऊन गेला. आणि आला. आणि पुन्हा गेला. लोलाचे रांजण भरले, तेव्हा तिने त्याच्यापुढे कुऱ्हाड ठेवली.

"लोला!" मी ओरडले.

"लाकडं काय माझी आहेत? तुझा भात त्याच्यावर शिजतो," ती म्हणाली. आणि लाकडं फोडणाऱ्याकडे अशी बघत राहिली, जशी बाजारात डुकराचं पिल्लू घेताना बघते.

शेजारणी कुंपणाशी जमल्या होत्या. त्यांना एवढं हसायला काय झालं होतं कोण जाणे.

२ मे

दार पुन्हा आत उघडतंय!! सकाळी शाळेत गेले, ओढलं, हलेना. ढकललं, उघडलं. मी तीनदा तपासलं. नोंग पास्तोरला विचारलं तर म्हणतो, "लाकूड फिरतं, मॅम. खारी हवा." लाकूड फिरतं म्हणजे बिजागरीसकट फिरतं? लोला म्हणते बकरीने धडक दिली असेल. तिची बकरी तशी आडदांड आहेच. मी बकरीला दिवसभर बांधून ठेवायला लावलं.

इंजिनिअरला निरोप धाडावा लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ मे

उद्या येतोय. मी आज केस धुतले. धुवायचेच होते.

५ मे

दार पुन्हा बसवलं. या खेपेला त्याने बिजागरीकडे बराच वेळ पाहिलं, मग बकरीकडे पाहिलं, आणि स्वतःशीच हसला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काही नाही, हुशार बकरी आहे." मग न सांगताच विहिरीवर गेला.

जेवताना नोंग पास्तोरने त्याची नेहमीची गोष्ट लावली: जुन्या काळी त्याने पांगागाद कसं केलं. मुलगी हवी तर आधी तिच्या घरी राबायचं, पाणी भरायचं, लाकूडफाटा करायचा, छप्पर शाकारायचं. दोन पावसाळे राबल्यावर सासऱ्याने पहिल्यांदा त्याच्याशी तोंड उघडलं, आणि तेही "छप्पर गळतंय" एवढंच म्हणायला. ऐकून सगळे लोळले. मी म्हटलं, "हल्ली कोण करतं असलं! आता मुलं फोनवर हृदयाची चित्रं धाडतात आणि झालं." यावर सगळे एकदम भाताकडे बघायला लागले. इंजिनिअरला ठसका लागला. लोलाने त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाली, "हळू जेव, दोंग."

दोंग! घरच्या पोराला म्हणतात तसं. आठवड्यापूर्वी "तो इंजिनिअर" होता. म्हातारी पाण्याच्या दोन डब्यांना विकली जाते.

१२ मे

उतार तयार झाला. दोन दिवस राहिला इथे, नोंग पास्तोरकडे. समुद्रातले दगड वेचून, वाळू-सिमेंट कालवून, फळी टाकून मोजत मोजत. उतार चढायला सोपा, उतरायला त्याहून सोपा. पोरं घसरगुंडी समजून दिवसभर त्याच्यावरच. हात धुवायची पन्हळ बांबूची, तीही त्यानेच केली. मला लाज वाटायला लागली आहे, तपासायला आलेल्या माणसाला आपण गड्यासारखं राबवतोय. मी तसं त्याला म्हटलंही.

"कुणाची तक्रार आहे का?" त्याने विचारलं.

"नाही, पण तुमचं काम मोजायचं आहे."

"मोजतोच आहे," तो म्हणाला आणि कान लाल करून खिळे शोधायला लागला. त्याचे कान फार पटकन लाल होतात. उन्हाची सवय नसेल.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. फळा हलवल्यावर जी भिंत उजवीकडे आली, जिथे दारं आहेत, ती आम्ही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे बिनखिडकीची ठेवली होती. त्याने फळ्याच्या अगदी शेजारी त्या भिंतीत एक छोटी खिडकी पाडली! मी शाळेच्या मागे मुलांना गाणं शिकवत होते, येऊन बघते तर भोक!

"हे कशाला? हे तर तुमच्या नकाशातही नाही!"

"वारा येईल जरा," म्हणाला.

भिंतीचा चांगला बांबू वाया. मापदंड मापदंड करून आमचा जीव खाल्ला, आणि स्वतः वाटेल तिथे भिंत फोडतो! पण एक कबूल करायला हवं, दुपारी फळ्यावर लिहिलं तेव्हा अक्षरं छान स्वच्छ दिसत होती. आज उजेडच चांगला असेल.

१७ मे

आला नाही. दुसऱ्या बेटावर काम आहे म्हणे. बरंच झालं, शांतता आहे.

१८ मे

गरम होतंय. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. लोलाने सिक्वाते केलं, घट्ट चॉकलेट, माझं आवडतं, तेही कडू लागलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ताप नाही," आणि खुदकन हसली. माणूस आजारी नसला की कुणाला इतका आनंद होतो का?

२० मे

निरोप आला! सगळं ठीक आहे असं त्याने कचेरीत कळवलं आहे. आता अठ्ठावीसला त्याच्या वरिष्ठ, इंजिनिअर एस्कालोना मॅडम, स्वतः येऊन शेवटची पाहणी करतील आणि सही करतील. झाली सही की झाली शाळा! मी पोरांना घेऊन किनाऱ्यावर नाचले. नंतर निरोप पुन्हा वाचला. "मग माझं कावितचं काम संपेल," असंही खाली लिहिलं होतं. ते बरोबरच आहे. काम संपलं की संपतंच.

लोलाला वाचून दाखवलं तर तिचा चेहरा पडला. "म्हणजे आता एकही खोट नाही? एकही?"

"एकही नाही, लोला! चोख!"

"अरेरे," ती म्हणाली. एवढ्या आनंदाच्या बातमीला अरेरे! मग एप्रन सावरून तरातरा नोंग पास्तोरकडे गेली. फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, डुकराबद्दल बोलायला, म्हणाली.

२४ मे, फिएस्ता

घाईघाईने लिहितेय. पुढे कधी मलाच हे अक्षर वाचता आलं नाही तर स्वतःची आत्ताच माफी मागते.

सकाळी सगळं बेट सजलं होतं. डुक्कर निखाऱ्यावर फिरत होतं, बँडवाले कालच्या ताडीतून उठायचे होते. लोलाच्या एप्रनच्या खिशातून चमचा घ्यायला गेले तर हातात चार स्क्रू आले. "कुठूनतरी पडले असतील," ती म्हणाली आणि घाईघाईने खिसा मिटला. मी फुलं लावायला पळाले.

तेवढ्यात किनाऱ्यावर होडी. आणि होडीतून फेर्मिन. आणि त्याच्या मागून पांढऱ्या टोपीतली, हातात फीत घेतलेली एक सडसडीत बाई. एस्कालोना मॅडम! अठ्ठावीसऐवजी चोवीसला! रेडिओवर वादळाचं सांगितलं म्हणून म्हणे आधीच निघाल्या. निरोप धाडला होता, पण इथे फोन लागतो तो फक्त टेकडीवर, आणि आज टेकडीवर कोण जाणार, सगळे डुकराभोवती!

मी लोलाकडे पाहिलं. लोला पांढरीफटक. नोंग पास्तोर तिच्याहून. तो पुटपुटला, "आजच? आजच कशाला?" मला वाटलं जेवण पुरणार नाही म्हणून घाबरले.

मॅडम सरळ शाळेकडे. मी मागे. त्यांनी पुढच्या दाराला हात लावला, ढकललं, आणि आत गेल्या.

ढकललं.

म्हणजे दार पुन्हा आत उघडत होतं! फेर्मिनने डोळे मिटून घेतले.

मॅडमनी फीत उलगडली. खोली मोजली. खिडक्या मोजल्या. उतारावरून खाली गेल्या, वर आल्या. निम्मं बेट दारात गर्दी करून उभं. मग त्यांनी सहज विचारलं, "उतार छान झालाय. कुणी केला?"

आणि लोला, माझी लोला, भीतीने का अभिमानाने देव जाणे, फाडकन बोलून गेली, "आमच्या मॅमच्या मागणीवाल्याने!"

"कोण तो?"

सगळ्या बेटाने एकाच वेळी बोट दाखवलं. फेर्मिनकडे!

मला आधी कळलंच नाही. खरंच सांगते, मी मागे वळून पाहिलं, की त्याच्या मागे आणखी कोण उभं आहे! मग पाण्याचे डबे आठवले. कुऱ्हाड आठवली. शेजारणींचं हसणं, ठसका, "दोंग". पांगागाद! सगळ्या बेटाला माहीत, आईलासुद्धा नक्की माहीत, आणि मी मूर्खासारखी बकरी बांधून ठेवतेय! कानशिलं अशी तापली की माझ्यावर सिक्वाते उकळलं असतं.

"काबाहुग," मॅडम म्हणाल्या, "हे खरं?"

"मला पाणी भरायला सांगितलं, मी भरलं," तो म्हणाला. कान नुसते पेटलेले.

"आणि ही खिडकी? ही नकाशात नाही. कुठल्या नियमाने पाडली?"

"नियम नाही, मॅडम." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मॅम डावखुऱ्या आहेत. फळा नियमाप्रमाणे हलवला की त्यांच्या हाताची सावली त्यांच्याच अक्षरावर पडते. मुलांत पण दोघं आहेत डावखुरी. म्हणून त्या बाजूने थोडा उजेड घेतला."

मग मागून कुणीतरी "उईईई!" केलं आणि मग सगळं बेट "उईईई!" करायला लागलं, बँडवाल्याने ढोलही बडवला. वारा येईल म्हणाला होता! वारा! मला हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि जमिनीत शिरावंसं वाटत होतं, तिन्ही एकदम.

पण एस्कालोना मॅडम हसल्या नाहीत. "मग काबाहुग, तुमचा सगळा अहवाल रद्द. मागणीवाल्याने सासुरवाडी तपासायची नसते."

हसू बंद. ढोल बंद.

"महिनाअखेरीस शाळांची यादी जाते. मी आज पाहते तेच खरं धरलं जाईल. आणि मी आत येताना एक गोष्ट पाहिली आहे, ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे असं तोंडांवरून दिसतंय."

दार. सगळी शाळा बरोबर आणि एक दार! जूनमध्ये पालथी होडी आणि घरी बसलेली पोरं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. लोला माझा हात धरून रडायला लागली. "मी लावलं उलटं, इंदाय, पोरी. प्रत्येक वेळी मीच. पास्तोर आणि मी. खोट राहिली तर पोरगा येत राहील म्हटलं. शाळेचं असं होईल असं कुठे माहीत होतं?" मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती एवढीशी झाली होती की ओरडवेना.

मॅडमनी टोपी काढली, वारा घेतला. "फिएस्ता आहे ना आज? फिएस्ताला जेवल्याशिवाय जाऊ नये असं माझी आई सांगायची. मी जेवून मग दारं बघते." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "मला जेवायला किती वेळ लागतो, ते काय काय वाढलंय त्यावर आहे."

अगं बाई! कळायला सगळ्यांना अर्धा श्वास लागला. मग धावपळ! बायकांनी मॅडमना उचलल्यासारखं मंडपात नेलं. डुकराची कुरकुरीत कातडी आधी, मग पोटाचा भाग, मग कच्ची मासळी व्हिनेगरातली, मग केळीच्या पानातला गोड भात, मग तोच भात दुसऱ्या घरचा, कारण एका घरचा खाल्ला आणि दुसरीचा नाही तर दुसरी रुसेल. लोला डोळे पुसत स्वतः वाढत होती. "अजून एक, मॅडम, एवढंसंच!"

इकडे शाळेत मी आणि नोंग पास्तोर. स्क्रू लोलाच्या खिशातले. फेर्मिनला हात लावायची सोय नव्हती, तो आता परका, म्हणजे परका नाही, तेच तर कारण! दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहून सांगत होता, "वरची बिजागरी आधी. जरा डावीकडे. नाही, तुमची डावी." नोंग पास्तोरने दार पेललं (कंबर एकदम ठणठणीत!), मी डाव्या हाताने स्क्रू पिळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी त्याच्याकडे न बघता विचारलं. "दाराचं?"

"दुसऱ्याच खेपेला. बकरी धडक देते, स्क्रू काढून खिशात ठेवत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दार ठीक राहिलं असतं," तो म्हणाला.

माझ्या हातून स्क्रू पडला. नोंग पास्तोर म्हणाला, "पोरांनो, हे नंतर करा, दार जड आहे."

मॅडम आल्या त्या कमरेचा पट्टा सैल करूनच. आत गेल्या, दार लावून घेतलं. आम्ही सगळे बाहेर. आणि दार बाहेर उघडलं. सरळ, न कुरकुरता.

"येताना मी हे दार ढकलून आत गेले होते," त्या म्हणाल्या. कुणी हललं नाही. "वय झालं. विसरायला होतं."

त्यांनी सही केली. खिडकीपुढे लिहिलं: एक जादा, उजेडासाठी. "जादा उजेडामुळे आजवर कुठली शाळा नापास झालेली नाही," म्हणाल्या. आणि होडीत बसताना, "काबाहुग, कचेरीच्या वेळात या बेटावर दिसलात तर खबरदार. शनिवारी यायचं. होडीभाडं स्वतःचं."

कावित प्राथमिक शाळा! शाळा! शाळा! मी लोलाला उचलून गरागरा फिरवलं. तिची वेणी सुटली. रात्र होईपर्यंत ती मला "रागावलीस का?" विचारत होती आणि मी "हो" म्हणत होते आणि दोघी हसत होतो.

३० मे

उद्या शनिवार. वादळ दुसरीकडे वळलं. समुद्र तेलासारखा शांत आहे; मी तीनदा जाऊन पाहिलं.

ठरवलं आहे, उगाच पुढे पुढे करायचं नाही. माझ्याशी आजवर सरळ एक शब्द बोललेला नाही. सगळं बांबूत आणि सिमेंटात. मी शाळेत बसेन. नव्या वर्षाचे तक्ते करायचेच आहेत. आला तर येईल आत. पायरी राखून वागायचं. मी आता मुख्याध्यापिका आहे.

३१ मे

पायरी राखायला सकाळपासून शाळेत बसले होते. एक तक्ता केला. त्यात "अ" दोनदा आला.

मग फळ्याजवळच्या त्या छोट्या खिडकीतून होडी दिसली. वाऱ्यासाठी पाडलेली खिडकी नेमकी किनाऱ्यावर उघडते, हे माझ्या आज लक्षात आलं. त्याच्या आलं असेल का आधी? तो या वेळी होडी वाळूला लागेपर्यंत थांबला. मग उतरला आणि विहिरीकडे गेला. लोला तिथे दोन रिकामे डबे घेऊन उभीच होती. तिने काहीतरी विचारलं. त्याने शाळेकडे बोट केलं. ती डोकं हलवून "आधी पाणी" म्हणाली असणार, कारण तो पाणी भरायला लागला. मग भरलेले डबे घेऊन घराकडे न जाता सरळ शाळेकडेच निघाला! लोला मागून ओरडतेय, पाणी सांडतंय, आणि हा चालतोय.

मी खडू ठेवला. मग पुन्हा हातात घेतला. मग तो उताराशी आला.

नियम बरोबरच आहे. घाईत असलेला माणूस ओढत बसत नाही. मी दार ढकललं आणि बाहेर पळाले.